पॅनेलच्या शेडमध्ये ट्रेलो : तीन वर्षं वापरल्यानंतर

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं इलेक्ट्रिकल कंट्रोल पॅनेल बनवायचं युनिट आहे. माणसं २३. मोटर कंट्रोल सेंटर (एमसीसी), पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणारं एपीएफसी पॅनेल, पंपांचे स्टार्टर, अधूनमधून एखादं पीएलसीचं, म्हणजे प्रोग्रामवर यंत्र चालवणाऱ्या कंट्रोलरचं, काम. मी डिप्लोमा करून या धंद्यात आले त्याला १९ वर्षं झाली आणि गेली सहा वर्षं प्रोजेक्ट माझ्याकडे आहेत. म्हणजे ऑर्डर आल्यापासून ट्रक गेटबाहेर पडेपर्यंत कुठलं पॅनेल कुठे आहे आणि का थांबलंय, याचं उत्तर मी द्यायचं. त्या उत्तरासाठी तीन वर्षांपूर्वी आम्ही ट्रेलो हे कामाचा माग ठेवायचं सॉफ्टवेअर घेतलं. ट्रेलोबद्दल लिहिणारे बहुतेक जण सॉफ्टवेअरमधले असतात. जिथे ड्रिलचा आवाज चालू असतो आणि हाताला तांब्याचा कीस लागलेला असतो, तिथे ते कसं चालतं हे मला कुठे वाचायला मिळालं नव्हतं. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी आमच्याकडे तीन गोष्टी होत्या. माझी एक्सेल शीट, फोनवरचा ग्रुप आणि सुपरवायझर काकांची खिशातली डायरी. शीट मी शनिवारी भरायचे, त्यामुळे मंगळवारपर्यंत ती शिळी व्हायची. ग्रुपवर ड्रॉइंगची सुधारित प्रत वाढदिवसाच्या शुभेच्छांमध्ये वाहून जायची आणि शेडमध्ये जुन्याच प्रतीवर वायरिंग सुरू व्हायचं. खरा कारभार काकांच्या डायरीत होता. कुठल्या पॅनेलचे कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारे स्विच) आले, कुठली बॉडी, म्हणजे पॅनेलची पत्र्याची पेटी, पावडर कोटिंगला गेली, कोणाला कुठलं काम दिलंय, सगळं तिथे, त्यांच्या अक्षरात, त्यांच्याच खुणांत.

मग काकांना डेंग्यू झाला. ते ११ दिवस आले नाहीत. पहिले दोन दिवस आम्ही ढकलले, तिसऱ्या दिवशी शेड जवळजवळ थांबली. माणसं होती, माल होता, ड्रॉइंग होती, पण पुढे काय घ्यायचं हे कोणालाच सांगता येईना. त्यांची पत्नी डायरीच्या पानांचे फोटो पाठवायची आणि आम्ही चार जण ते लावत बसायचो. आजारी माणसाला दिवसातून सहा वेळा फोन केले. त्याची मला आजही लाज वाटते. एका माणसाच्या डोक्यावर आम्ही सगळं युनिट टेकवून ठेवलं होतं आणि त्यालाच त्याची निष्ठा म्हणत होतो.

त्या महिन्यातच मी शोधाशोध केली. हिंजवडीत असलेला माझा भाचा जिरा नावाचं सॉफ्टवेअर वापरतो. त्यानं दाखवलं, पण ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या कामाच्या घडणीवर बेतलेलं आहे आणि आमच्या स्टोअरच्या मुलाला ते एका दिवसात शिकवता आलं नसतं. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट मी पूर्वीच्या नोकरीत वापरलं होतं. त्यातला गँट चार्ट, म्हणजे कामं आणि तारखा आडव्या पट्ट्यांत दाखवणारा तक्ता, सुंदर दिसतो, पण तो भरायला एक माणूस लागतो आणि तो माणूस मीच असणार होते. ट्रेलो उघडलं आणि पाच मिनिटांत कळलं. एक फळा, त्यावर उभे रकाने, रकान्यात कार्डं. कार्ड बोटानं धरायचं आणि पुढच्या रकान्यात सरकवायचं. बस्स. २०११ साली न्यूयॉर्कच्या फॉग क्रीक सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीनं हे बाजारात आणलं आणि २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या अॅटलाशियननं, म्हणजे जिरावाल्यांनीच, ते ४२.५ कोटी डॉलरला विकत घेतलं. इतक्या वर्षांत बाकी कितीही भर पडली असली तरी फळा, रकाना, कार्ड हा सांगाडा तोच राहिला. माझ्या मते हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण आहे.

काकांना बरं वाटल्यावर मी त्यांना लॅपटॉपवर दाखवलं. मनात धास्ती होती की डायरी काढून घेतल्यासारखं त्यांना वाटेल. ते दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, हे तर कानबान आहे." काका आमच्याकडे येण्याआधी १४ वर्षं गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होते. तिथे प्रत्येक डब्याबरोबर एक चिठ्ठी असायची. डबा रिकामा झाला की चिठ्ठी मागे जायची, आणि चिठ्ठी आली तरच मागचा माणूस पुढचा माल बनवायचा. टोयोटात ताईची ओनो यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात बसवलेली ही पद्धत. अमेरिकेतल्या सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाईक जेवढं उचलतं तेवढंच फळीवर पुन्हा भरलं जातं, त्या कल्पनेवरून ती घेतलेली. सॉफ्टवेअरवाल्यांनी ती कारखान्यातून उचलली, फळ्यावर लावली, आणि आता ती फिरून आमच्या कारखान्यात आली होती. त्या दिवसापासून काका ट्रेलोला ट्रेलो म्हणतच नाहीत. "कानबानवर टाकलंय," असंच म्हणतात.

आमचे रकाने असे आहेत: ऑर्डर, ड्रॉइंग, गिऱ्हाइकाची मंजुरी, खरेदी, फॅब्रिकेशन, असेंब्ली, वायरिंग, टेस्टिंग, इन्स्पेक्शन, डिस्पॅच. सुरुवातीला मी एका ऑर्डरचं एक कार्ड केलं होतं. हे चुकलं. सात पॅनेलच्या ऑर्डरमधली दोन वायरिंगला, तीन पावडर कोटिंगला आणि दोन अजून मंजुरीत, असं झालं की ते एकुलतं कार्ड कुठे ठेवायचं? आता प्रत्येक पॅनेलचं कार्ड वेगळं आणि एका ऑर्डरच्या सगळ्या कार्डांना एकाच रंगाचं लेबल. तुमचा धंदा कुठलाही असो, एवढं आधी ठरवा: तुमच्याकडे स्वतंत्रपणे पुढे सरकणारी वस्तू कोणती? कार्ड तिचं करा.

कार्डाचा नमुना, म्हणजे टेम्प्लेट, बनवून ठेवता येतो, आणि आमचे सगळ्यात जास्त पैसे त्यानं वाचवले. आमच्या नमुन्यात १७ मुद्द्यांची चेकलिस्ट आहे. केबल वरून येणार की खालून? कंट्रोल व्होल्टेज ११० की २३०? बसबार (पॅनेलमधली वीज वाहून नेणारी पट्टी) तांब्याचा की अॅल्युमिनियमचा? रंगाची छटा कोणती? दरवाजाची बिजागरी डावीकडे की उजवीकडे? पॅनेल रूममध्ये नेताना दरवाजाची उंची पुरणार का? यातला एकेक प्रश्न कधी ना कधी आम्ही विचारायचा विसरलो होतो आणि त्याचे पैसे मोजले होते. केबल खालून येणार असताना ग्लँड प्लेट, म्हणजे केबल आत घ्यायची प्लेट, वर दिलेली एक भलीमोठी बॉडी आमच्या मागच्या भिंतीशी दोन वर्षं उभी होती. आता डिझाइनची मुलगी चेकलिस्ट पूर्ण झाल्याशिवाय कार्ड मंजुरीला सरकवत नाही. नव्या माणसाला काम शिकवायला यासारखं दुसरं साधन माझ्याकडे नाही.

शेडमध्ये ४३ इंची टीव्ही लावलाय, त्यावर फळा दिवसभर उघडा असतो. लॉगिन नऊ जणांना: डिझाइनच्या दोघी, खरेदी, स्टोअर, काका, टेस्टिंग, साइट इंजिनिअर, साहेब आणि मी. वायरमनकडे लॉगिन नाही. काम झालं की ते काकांना सांगतात, काका टॅबवर कार्ड सरकवतात. ट्रेलोच्या फुकट योजनेत एका वर्कस्पेसमध्ये १० जणांपर्यंत आणि १० फळ्यांपर्यंत मुभा आहे, एका फाइलची मर्यादा १० एमबी, आपोआप होणारी कामं महिन्याला २५०. आम्ही पहिलं सबंध वर्ष यातच काढलं. नंतर स्टँडर्ड योजना घेतली. आम्ही घेतली तेव्हा वर्षाचे पैसे एकदम भरले तर माणशी महिना ५ डॉलर पडायचे. घेण्याआधी त्या दिवसाचा भाव बघा. आम्ही ती दोन कारणांसाठी घेतली: कार्डावर आपल्याला हवे ते चौकोन घालता येतात (आम्ही पॅनेलचा अनुक्रमांक आणि गिऱ्हाइकाच्या शटडाउनची तारीख घातली) आणि चेकलिस्टमधल्या प्रत्येक ओळीला माणूस आणि तारीख लावता येते.

रोज सकाळी सव्वानऊला टीव्हीसमोर दहा मिनिटं उभं राहायचं, ही सवय लागायला तीन महिने गेले. पहिल्यांदा मी प्रत्येकाला विचारायचे, काल काय केलंस, आज काय करणार? शाळेतल्या हजेरीसारखं व्हायचं. प्रत्येक जण आपण कसे दमलो ते सांगायचा आणि बाकीचे चहाच्या टपरीकडे बघायचे. मग कानबान करणाऱ्यांची एक रीत वाचनात आली: माणसांवरून जायचं नाही, फळ्यावरून जायचं, आणि तेही उजवीकडून. म्हणजे डिस्पॅचच्या सगळ्यात जवळ जे कार्ड आहे त्यापासून सुरुवात. हे बाहेर पडायला काय लागेल? मग त्याच्या मागचं. असं डावीकडे येत राहायचं. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो, पण पहिल्या आठवड्यातच बोलणं बदललं. "तू का नाही केलंस" याच्या जागी "याला काय कमी आहे" आलं. टेस्टिंगला उभ्या पॅनेलला एक टायमर कमी असला तर वायरमन स्वतःहून म्हणायला लागले, "माझ्याकडच्या पॅनेलला तो पुढच्या आठवड्यात लागणार आहे, माझा काढून द्या."

वायरिंगचा रकाना मात्र ओसंडून वाहत होता आणि टीव्हीवर ते झाकता येईना. सहा वायरमन आणि ११ पॅनेल उघडी. एखादा भाग आला नाही की ते पॅनेल तसंच सोडून दुसरं उघडायचं, अशी आमची जुनी चाल. माणूस रिकामा बसू नये म्हणून. आठवड्याला पूर्ण होऊन बाहेर पडायची तीनच. हिशेब सोपा आहे. त्र्यंबकच्या दर्शनरांगेत आपल्या पुढे किती माणसं आहेत आणि मिनिटाला किती आत सोडतात हे कळलं की आपला नंबर कधी लागेल ते सांगता येतं. जॉन लिटल या अमेरिकन प्राध्यापकानं १९६१ मध्ये रांगांबद्दलचा हाच नियम सिद्ध केला. ११ भागिले ३, म्हणजे आमच्याकडे वायरिंगला शिरलेलं पॅनेल सरासरी जवळजवळ पावणेचार आठवडे तिथे पडून राहणार. हे गणित मी फळ्याशेजारी मार्करनं लिहिलं, तेव्हा सगळ्यात आधी टेस्टिंगचा इंजिनिअर म्हणाला, "मग कमी उघडू या."

ट्रेलोत रकान्याला मर्यादा घालायची सोय जोडता येते. कार्डं जास्त झाली की रकान्याचा रंग बदलतो. आम्ही वायरिंगला पाचची मर्यादा घातली. पाच उघडी असतील तर सहावं उघडायचं नाही. हात मोकळे असतील तर दुसऱ्याच्या पॅनेलला फेरूल घाला, लग क्रिम्प करा, टेस्टिंगला मदत करा. वायरमनना हे पटेना. "साहेब खाली आले आणि मी दुसऱ्याच्या पॅनेलपाशी दिसलो तर?" हा प्रश्न खरा होता. १९ वर्षांत मी पाहिलंय, आपल्या शेडमध्ये हात हलताना दिसणं म्हणजे काम, अशी समजूत खोल रुजलेली आहे. मी साहेबांशी बसून बोलले. म्हटलं, चार महिने द्या, या काळात कोणी रिकामं दिसलं तर मला विचारा, त्याला नाही. त्यांनी शब्द पाळला. आठवड्याला तीनच बाहेर पडत राहिली, कारण हात तेवढेच होते, पण प्रत्येक पॅनेल वायरिंगमध्ये बाराएक दिवसच राहायला लागलं. म्हणजे ड्रॉइंगमध्ये उशिरा बदल आला तर तो अर्धवट उघड्या ११ पॅनेलमध्ये शोधत फिरावं लागत नाही. तांबं आणि स्विचगिअर यांत अडकलेला पैसाही कमी झाला, आणि साहेबांना सगळ्यात आधी पटलं ते यामुळे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले ती सांगते.

फळा लागून सात महिने झाले होते. एका साखर कारखान्याचं पॅनेल होतं. गळीत हंगाम सुरू व्हायच्या आत ते बसायलाच हवं, कारण एकदा ऊस गव्हाणीत पडायला लागला की पॅनेल बदलायला कोणी कारखाना थांबवत नाही. कार्ड व्यवस्थित सरकत होतं. खरेदी झाली, असेंब्ली झाली, वायरिंग झालं. टेस्टिंगच्या दिवशी कळलं की मेन इनकमरवरचे, म्हणजे जिथून मुख्य वीज पॅनेलमध्ये येते तिथले, तिन्ही सीटी (करंट मोजण्यासाठीचे ट्रान्सफॉर्मर) ६००/५ च्या ऐवजी ४००/५ चे आहेत. सीटी बसबारवर ओवलेले असतात. ते काढायचे तर बसबारचे जोड उघडायला लागतात. योग्य सीटी मिळवून, पुन्हा जोडून, पुन्हा तपासून पॅनेल पाठवायला नऊ दिवस उशीर झाला. त्या नऊ दिवसांत कारखान्याच्या चीफ इंजिनिअरनी मला जे सुनावलं ते सगळं त्यांच्या बाजूनं रास्त होतं.

दुसऱ्या दिवशी स्टोअरच्या मुलाशी एकटीनं बोलले. वय २२, आयटीआय झालेला, हुशार मुलगा. त्यानं खाली बघत सांगितलं, "मॅडम, मला आले त्याच दिवशी कळलं होतं. खोक्यावर ४००/५ लिहिलेलं होतं." मग बोलला का नाहीस? तो गप्प. बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "मागच्या वेळी केबल कमी आली म्हणून सांगितलं, तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, मोजून घेता येत नाही का."

मी तसं म्हणाले होते. मला आठवतही नव्हतं, त्याला शब्दन् शब्द आठवत होता.

फळ्यावर सगळं हिरवं होतं, कारण फळ्यावर लाल करायची हिंमत कोणाकडे नव्हती, आणि ती माझ्यामुळे नव्हती. एवढं चांगलं साधन घेतलं, टीव्ही लावला, रोज उभं राहिलो, आणि ज्या एका माणसाला खरी गोष्ट माहीत होती तो रोज सकाळी तिथे उभा राहून काहीच बोलला नाही. नऊ वाजून पंधरा मिनिटांनी, माझ्यापासून चार फुटांवर. ट्रेलोनं यात काय करावं? कार्ड सरकवायची सोय ते देतं, सरकवणाऱ्याच्या मनातली भीती काढणं त्याच्या हातात नाही.

काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी अँडनची गोष्ट काढली. अँडन म्हणजे जपानीत कंदील. टोयोटाच्या लाइनवर कामगाराच्या डोक्यावरून एक दोरी गेलेली असते. काही बिघडलेलं दिसलं की त्यानं ती ओढायची, दिवा लागतो आणि टीम लीडर तिथे येतो. प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबते. "आमच्याकडे पण दोरी होती मॅडम," काका म्हणाले, "पण पहिल्या वर्षी कोणीच ओढली नाही. पुढे एक मॅनेजर आले. कोणी ओढली की ते स्वतः चालत यायचे आणि आधी म्हणायचे, बरं झालं सांगितलंस. मग लोक ओढायला लागले." हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या पथकांमधल्या औषध देण्याच्या चुकांचा अभ्यास केला होता. जिथे प्रमुख चांगली, पथक एकजुटीचं, तिथे चुका जास्त नोंदलेल्या दिसल्या. त्या पथकांत लोक चुका बोलून दाखवत होते, दुसरीकडे लपवत होते. हे मी त्यानंतर वाचलं आणि आमचा सात महिन्यांचा हिरवागार फळा डोळ्यासमोर आला.

आम्ही 'अडकलं' नावाचं लाल लेबल केलं. नियम तीन ठरवले आणि तिन्ही माझ्यावर बंधन घालणारे आहेत. लाल लेबल लागलं की दोन तासांच्या आत मी त्या माणसापाशी जाते, त्याला केबिनमध्ये बोलावत नाही. माझा पहिला प्रश्न "काय लागतंय?" हाच असतो. आणि चूक कोणाची हे बोलायचं असेल तर ते पॅनेल बाहेर पडल्यानंतर, एकांतात. पहिले पाच आठवडे एकही लाल लेबल लागलं नाही. मग पहिलं मी स्वतः लावलं. एका गिऱ्हाइकाच्या मंजुरीचा पाठपुरावा माझ्याकडून राहिला होता, तेच कार्डावर लिहिलं. सकाळच्या बैठकीत साहेबांनी विचारलं, काय लागतंय? मी म्हटलं, तुम्ही त्यांच्या डायरेक्टरना एक फोन करा. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या केला. त्याच दिवशी दुपारी डिझाइनच्या मुलीनं दुसरं लेबल लावलं.

याला लागूनच एक गोष्ट, घेणाऱ्यांनी विचारात घ्यावी अशी. ट्रेलोत प्रत्येक कार्डावर नोंद राहते, कोणी कधी सरकवलं, कोणी काय बदललं. दिवाळीआधी साहेबांनी विचारलं, यावरून बोनस ठरवता येईल का, कोणाची कार्डं किती सरकली? मी ठामपणे नाही म्हटलं. एका फीडरचा (एका मोटरला वीज देणाऱ्या भागाचा) स्टार्टर आणि बारा फीडरचं एमसीसी यांचं कार्ड एकाच आकाराचं दिसतं. आणि ज्या दिवशी लोकांना कळेल की फळ्यावरून पगार ठरतो, त्या दिवसापासून फळ्यावर खरं काही दिसणार नाही. त्यांनी ऐकलं, याबद्दल त्यांचे आभार. पण हा मोह प्रत्येक मालकाला होणार. म्हणून आधीच बोलून ठेवा, आणि शक्य असेल तर लेखी.

आता मर्यादा. एक काम संपल्याशिवाय दुसरं सुरू होत नाही, असं नातं दोन कार्डांत बांधायची सोय मूळ ट्रेलोत नाही. वेगळी जोडणी घ्यावी लागते. आमचं काम एका रांगेत जातं म्हणून आम्हाला फारसं अडत नाही. पण पूल बांधणारे, सबस्टेशन उभारणारे, जिथे चाळीस कामं एकमेकांत गुंतलेली असतात, त्यांनी ट्रेलोवर विसंबू नये. तिथे गँट चार्ट आणि क्रिटिकल पाथच, म्हणजे ज्यात उशीर झाला की सगळंच लांबतं त्या कामांची साखळीच, लागते. काही सरकारी गिऱ्हाइकं आमच्याकडेही बार चार्ट मागतात, तो मी आजही एक्सेलमध्येच करून देते. तारखांचा पट एका नजरेत दाखवणारी टाइमलाइन आहे, पण ती वरच्या, प्रीमियम योजनेत. कार्डं वाढली की फळा लांबत जातो. मी दर महिन्याला डिस्पॅच झालेली कार्डं अर्काइव्हमध्ये टाकते, पण पॅनेल अनुक्रमांकानं शोधता येईल अशी. दोन वर्षांनी सर्व्हिसचा फोन येतो तेव्हा तेच कार्ड उघडून शेवटची ड्रॉइंग मिळते. कार्डाला बरेच दिवस कोणी हात लावला नाही तर ते फिकट करत नेणारी कार्ड एजिंगची सोय आहे, ती जरूर चालू करा. मंजुरीच्या रकान्यातली विरत चाललेली कार्डं बघून मला रोज एक तरी फोन करायची आठवण होते. आणि कार्डांवर मराठीत लिहा. आम्ही पहिले दोन महिने इंग्रजीत लिहीत होतो, तेव्हा टिप्पण्या एकेका शब्दाच्या यायच्या. "दरवाजा घासतोय, बिजागरीखाली वॉशर टाकावा लागेल" हे काका मराठीतच लिहू शकतात.

कोणी घ्यावं? पाच ते पंचवीस माणसांचं युनिट, जिथे वस्तू टप्प्याटप्प्यानं पुढे जाते: फॅब्रिकेशनवाले, छापखाने, मॉड्युलर किचन करणारे, लग्नाची सजावट करणारेसुद्धा. फुकट योजनेवर दोन महिने चालवा, तोवर पैसे भरू नका. पहिल्या दिवशी सगळ्यांना बसवून शिकवण्यापेक्षा ज्याची डायरी तुम्ही वापरत आलात त्या एका माणसाला आधी दाखवा आणि रकान्यांची नावं त्याला ठरवू द्या. आमच्या फळ्यावर फॅब्रिकेशन आणि असेंब्लीच्या मध्ये 'कोटिंगहून आलं, पुसायचं बाकी' असा रकाना काकांनी नंतर घातला. मला तो अनावश्यक वाटला होता. पण कोटिंगहून आलेल्या बॉडीत पावडरची धूळ आणि बुजलेली भोकं तशीच असतात, आणि ती साफ न करता असेंब्लीला घेतली की अर्धा दिवस जातो. हे मला १९ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं.

काकांची डायरी अजून त्यांच्या खिशात असते. आता तीत ते नातीच्या शाळेच्या तारखा आणि किराण्याचा हिशेब लिहितात. मागच्या महिन्यात ते आठ दिवस पंढरपूरला जाऊन आले, आणि त्या आठ दिवसांत मी त्यांना एकदाही फोन केला नाही. आज फळ्यावर ३१ कार्डं आहेत, त्यांतली दोन लाल. एक सकाळी दहालाच लागलंय, स्टोअरच्या त्या मुलाचं: 'एमसीबी आल्या, पण १० केएच्या हव्या होत्या, ६ केएच्या आल्यात. खोकं उघडलेलं नाही, परत देता येईल.' तासाभरापूर्वी मी त्याच्याकडे जाऊन आले. खोकं संध्याकाळच्या टेम्पोनं परत चाललंय.